दोन डोळ्यांतला निळा

ड्रायव्हरकाकांनी आरशातून तिसऱ्यांदा मागे बघितलं आणि सरळ गाडीच हळू केली. "मॅडम, त्यांना मळमळतंय का? सीटच्या मागे पिशवी ठेवलीय बघा."

मळमळत वगैरे कुणाला नव्हतं. मावशी आपली एका हाताने उजवा डोळा झाकायची, खिडकीबाहेर बघायची, मग हात बदलून डावा झाकायची, परत बघायची. ट्रक गेला, उजवा. दुकानाची पाटी गेली, डावा. एक तास झाला, हेच चाललेलं. समोरून बघणाऱ्याला वाटणार बाई चक्कर येऊन पडायच्या बेतात आहेत.

"मला काय धाड भरलीय," मावशी म्हणाली. "तुम्ही रस्त्याकडे बघा."

"बघतोय की. पॅकेज आठ तासांचं आहे, चार थांबे, गाडी फक्त तुमची. पहिला थांबा धबधबा."

"धबधबा नको."

"अहो पॅकेजमध्ये आहे तो!"

"मग तुम्ही बघून या, आम्ही गाडीत बसतो. मला गाव बघायचंय."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जशी काही मीच मावशीला असं वळण लावलंय.

आता तुम्हाला मावशीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझी मावशी एकतीस वर्षं रंगाच्या दुकानात काउंटरवर होती. विकायला नव्हे हं, रंग बनवायला. म्हणजे लोक काय काय घेऊन यायचे, पडद्याचा तुकडा, भिंतीचा पोपडा, एकदा एक माणूस चक्क बायकोची चप्पल घेऊन आलेला, आणि म्हणायचे, याच्यासारखा द्या. मग मावशी पांढरा डबा उघडायची, त्यात थेंब थेंब निळा, काळा, तपकिरी असं काय काय घालत बसायची, ढवळायची, अंगठ्याच्या नखावर एक ठिपका लावायची, फुंकून वाळवायची आणि दुकानाच्या दारात उजेडात जाऊन नमुन्याशेजारी नख धरायची. ओल्यावर कधी विश्वास नाही, वाळल्यावर रंग बदलतो. तिच्या अंगठ्याला आमच्या घरात कुणी कधी एका रंगात दोन दिवस बघितलं नाही. मालक म्हणायचा, ताईंची नजर म्हणजे नजर. मग चार वर्षांपूर्वी मालकाने मशीन आणलं. तुकडा दाखवला की मशीन आपलं आपण माप टाकतं. मावशी आणखी दोन वर्षं बिलं फाडत बसली आणि मग घरी.

आणि महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.

पट्टी सुटली त्या दिवशीची गंमत ऐका. म्हणजे तेव्हा गंमतच वाटलेली. मावशी स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडे बघून किंचाळलीच. "ही भिंत कुणी रंगवली?"

आई म्हणाली, "अगं तूच दिलास ना रंग. पाच वर्षं झाली."

"मी सायीसारखा दिला होता. हा तर चुना आहे चुना!"

"पांढराच आहे तो पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"आम्हाला वाटलं तुला पांढराच हवा होता!"

मी हसून हसून खाली बसले. मावशी नाही हसली. तिने एक डोळा झाकला, भिंत बघितली, मग दुसरा झाकला, भिंत बघितली. जुन्या डोळ्याला साय, नव्याला चुना. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मोतीबिंदू हळूहळू पिवळट पडतो, आपल्याला पत्ताही लागत नाही, आणि निळा-जांभळा तर त्यातून नीट दिसतच नाही. डॉक्टर सहज बोलून गेले हो, पण त्यानंतर मावशी दोन दिवस धड जेवली नाही.

कारण निळं गाव. तुम्ही फोटो बघितलेत ना? घरं निळी, दारं निळी, पायऱ्या निळ्या, पोस्टाची पेटीपण निळी. तर तो निळा मावशीने बनवलेला आहे. खरंच. सहा वर्षांपूर्वी त्या गावातले एक निवृत्त मास्तर एका जुन्या दाराचा पोपडा कागदात गुंडाळून घेऊन आले होते, म्हणाले, गावात पूर्वी हा निळा होता, सगळं गाव परत असं करायचंय. मावशीने त्यांना दोन तास बसवून ठेवून रंग जुळवला आणि मग आठवडाभर दोनशे डबे बनवले. एकतीस वर्षांतलं सगळ्यात मोठं काम. पाहुणे आले की आई सांगायची, हिच्या रंगाचं गाव आहे, आणि मावशी म्हणायची, पुरे गं, पण उठून आत मात्र जायची नाही. आणि बघायला कधी गेलीच नव्हती. आधी दुकानाला सुट्टी नाही, मग मशीन आलं आणि तिचं मनच उडालं.

आता ती एकच धरून बसली. "मला बघायचंय मी बरोबर केला होता का. आणि पुढच्या गुरुवारच्या आत बघायचंय." गुरुवारी डावा डोळा होता. "तोही मोतीबिंदू काढला की मला तेव्हा कसं दिसत होतं ते परत दिसणार नाही. मग कुणाला विचारू?"

म्हणून मी पहिल्या पगारातून ही गाडी केली. खाजगी सहल, एक दिवस, शहरातून निळं गाव आणि परत. मला वाटलं, जाऊ, बघू, चार फोटो काढू, तिच्या डोक्यातून जाईल. मी पण ना!

धबधबा टाळून आम्ही दहाला पोचलो. काय सांगू तुम्हाला, निळं म्हणजे किती निळं! कमानीपाशी निळ्या टोप्या विकायला, निळं आइस्क्रीम, एका कुत्र्याच्या गळ्यात निळा पट्टा. एक जोडपं निळे कपडे घालून आलेलं, ते भिंतीला टेकून फोटो काढत होते तर फोटोत नुसती दोन तोंडं.

मावशी कमानीच्या आत चार पावलं गेली आणि थांबली. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा कपाळावर सरकवला. नवा डोळा झाकला. जुन्याने बघितलं. खांदे खाली आले तिचे. "हाच. बरोबर आहे. अगदी हाच दिला होता."

"झालं तर मग!" मी म्हटलं. "चल, आइस्क्रीम खाऊ."

पण तिने हात काढला. आणि भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली. मी विचारलं, काय गं, तर म्हणाली, "हा जांभळ्याकडे गेलाय."

"पण पोपडा कसा होता ते तुला आठवतंय का?"

"रंग कुणाला आठवत नसतो. आठवतो म्हणणारा खोटं बोलतो. शेजारी ठेवून बघावा लागतो. ते दार शोधायचं."

झालं! निळ्या गावात निळं दार शोधायचं.

चौकात एक गाइड पोरगी वीसेक लोकांना माहिती देत होती. माझ्याच वयाची, टोपी निळी, नखं निळी, पाठ केल्यासारखं घडाघडा. "सहा वर्षांपूर्वी आमच्या गावाने आपला जुना निळा परत आणला. एका जुन्या दाराचा पोपडा शहरात नेला आणि तंतोतंत तोच रंग बनवून घेतला."

"तंतोतंत आहे हे बघितलं कुणी?" मावशी मागून.

पोरगी थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे शेजारी ठेवून कुणी बघितलं का? ते दार कुठंय?"

"दारं सगळीकडेच आहेत ना आजी."

"आजी तुझी घरी असेल. मला ते दार दाखव. हा रंग मला तंतोतंत वाटत नाही. यात जांभळा जास्त झालाय."

सगळे वळून बघायला लागले. मला तर वाटलं जमीन फाटावी. गाइड पोरगी मात्र गोड हसली, तिने मावशीच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय का हो? माझ्या आजीचं झालं ना, तेव्हा तिलाही सगळं निळंजांभळंच दिसायचं."

"इथे तर सगळं निळंच आहे, इथे काय कळणार!" गर्दीतला एक माणूस म्हणाला, आणि जो हशा पिकला!

मी मावशीचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. मला वाटलं रडते की काय. रडत नव्हती, चिडली होती. "कामाचं विचारलं तर हसतात," म्हणाली.

पुढच्या गल्लीत एक रंगारी शिडीवर होता. खाली बादली आणि रंगाचा डबा. आता मावशी बादलीसमोरून गप्प जाईल का? "तळापासून ढवळलंय का?"

"तुम्ही कोण, इन्स्पेक्टर?" रंगारी वरूनच म्हणाला.

"रंग तळाला बसतो. वर फिका लागेल, खाली गडद."

त्याने बादलीत बघितलं, मुकाट्याने खाली उतरला आणि काठीने ढवळायला लागला. मावशी वाकली आणि डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी वाचायला लागली. तिच्याच दुकानाची चिठ्ठी, मशीनवर छापलेली, कुठला रंग किती थेंब. वाचता वाचता तिने चष्माच काढला. "जांभळा बघ केवढा घेतलाय."

"तो मशीनने घेतलाय," रंगारी म्हणाला. "दर दोन वर्षांनी मागवतो आम्ही. मीच नेला होता तुकडा, या इथल्या भिंतीचा. मशीन भारी आहे हां, काडीचा फरक नाही."

कळलं का तुम्हाला? मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मशीनला कुणी जुनं दार दाखवलंच नव्हतं, मावशीची भिंत दाखवली होती. मावशीने जे काही केलं होतं ते मशीनने शिकून ठेवलं होतं, काडीचाही फरक न करता.

"मग जुना रंग कुठेच राहिला नाही का?" मी विचारलं.

"मास्तरांकडे आहे. गल्लीच्या टोकाला, तीन पायऱ्यांचं घर. बाहेरून रंगवू देतात, दाराची आतली बाजू नाही. दर वेळी माझं भांडण होतं त्यांच्याशी."

मास्तर पायरीवर बसून भिंग लावून पेपर वाचत होते. मावशी समोर जाऊन उभी राहिली आणि सवयीने अंगठ्याचं नख पुसायला लागली. मास्तरांनी नखाकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि भिंग खाली ठेवलं. "काउंटरवाल्या बाई! मला दोन तास बसवून ठेवलं होतंत तुम्ही!"

"तो पोपडा कुठल्या दाराचा?"

असं. ना कसे आहात, ना काही.

मास्तरांनी पेपरची घडी घातली. मग उठले, गुडघा धरून, आणि दार सगळं उघडून बाहेरच्या भिंतीला चिकटवलं. म्हणजे दाराची आतली बाजू बाहेर आली, आणि शेजारी भिंत. एकाला एक लागून.

मला तर बाई आकाशी आणि मोरपिशी यातला फरक कळत नाही, तुम्हाला माहितीये. पण मला दिसला. दार होतं धुतलेल्या पाटीसारखं, निळं पण राखेचा हात फिरवल्यासारखं. आणि भिंत वांग्याच्या फुलासारखी.

मावशीने नवा डोळा झाकला. किती तरी वेळ बघितलं. "एकच आहेत," म्हणाली. मग हात काढला. "नाहीत."

मग परत झाकला. परत काढला. मी मोजलं नाही, पण पाच-सहा वेळा तरी. गल्लीतून फोटोवाले जात होते, एकाने तर थांबून मावशीचाच फोटो काढला.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी," मास्तर म्हणाले. "पहिली भिंत वाळली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणला मीच होता ना."

"मग परत का नाही आणलात? मी सगळा बदलून दिला असता. दोनशेचे दोनशे."

"टेम्पो निघून गेला होता."

"मास्तर."

"बरं, खरं सांगतो. तुम्ही तो नखावर लावून चार वेळा दारात जाऊन बघितला होतात. मी मोजत होतो. मी म्हटलं, एवढं बघून दिलंय, म्हणजे बाईंना जे दिसतंय ते आपल्याला दिसत नसणार. मी आयुष्यभर काळा फळा आणि पांढरा खडू बघितलेला माणूस. गावातही तेच सांगितलं, नजर बसायला वेळ लागतो म्हणून."

"आणि ऐकलं?"

"ऐकलं. मास्तरांचं ऐकायची सवय. चार महिन्यांत कुणी विषयही काढेना. मग तो एक फोटो काढणारा आला, मग त्याच्यामागे हे सगळे. जुना असता तर कुत्रं फिरकलं नसतं हो इकडे."

माझं लगेच सुरू झालं. मला कुठे गप्प बसवतं? "मावशी, बघ ना, किती छान! म्हणजे तुझ्या चुकीमुळेच तर हे एवढं सगळं गाव—"

"तू गप्प बस."

गप्प बसले.

"गावाने मागितला होता तो हा नव्हता," मावशी मास्तरांकडे बघून म्हणाली. "बाकीचं राहू दे. तुम्ही मागितला होता तो हा नव्हता."

मास्तरांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मला वाटलं आता म्हणतील, असू द्या हो, कशाला मनाला लावून घेता. आपण सगळे हेच म्हणतो ना? ते म्हणाले, "नव्हता."

आणि मावशीने मान हलवली. राग नाही, रडं नाही. उलट गाडीत बसल्यापासून जी ताठरली होती ती पहिल्यांदा जरा सैल झाली. मास्तरांनी विचारलं, दाराचा एखादा पोपडा काढून देऊ का, तर नको म्हणाली. त्यांनी आतून खुर्ची आणली, तीही नको. ती उभ्यानेच दार बघत राहिली, जवळून, लांबून, मध्ये हात धरून सावलीत, सावली काढून उन्हात, आता फक्त नव्या डोळ्याने. ओठ हलत होते. मी म्हटलं, बापरे, पुटपुटायला लागली. मास्तरांनी मला खुणेनेच सांगितलं, बोलू नकोस. मग आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो आणि ते मला हळूच म्हणाले, "तेव्हाही असंच करत होत्या."

निघताना मावशी म्हणाली, "आतली बाजू रंगवू देऊ नका."

"मी आहे तोवर नाही."

"आणि नंतर?"

"नंतर माझा मुलगा आहे. तो शहरात असतो. त्याला निळा आवडतो, हा बाहेरचा."

मावशीने दाराच्या आतल्या बाजूवरून एकदा तळवा फिरवला आणि आम्ही निघालो.

कमानीपाशी ड्रायव्हरकाका घड्याळ दाखवत उभे. "मॅडम, व्ह्यू पॉइंट राहिलाय, मधाचं दुकान राहिलंय! तुम्ही तीन तास केलंत काय या एका गावात?"

कमानीच्या खांबाला एक फळी ठोकलीय, तिच्यावर अभिप्रायाची वही, दोरीला पेन. आधीच्यांनी लिहिलेलं मी वाचत होते. 'लय भारी.' 'फोटो मस्त आले.' 'आइस्क्रीम महाग आहे.' मावशीने पेन उचललं. मला वाटलं आता लिहिणार, चूक झाली, माफ करा, मी अमुक अमुक. मी तर तिला म्हणणारच होते, नको गं, कशाला. पण तिने चष्मा वर सरकवला आणि ओळीखाली ओळ लिहायला लागली, डब्याच्या झाकणावर लिहायची तशी, ठसठशीत, सुटी अक्षरं.

'पांढरा – एक डबा. निळा – तीन भाग. काळा – अर्धा भाग. तपकिरी – काडीच्या टोकावर मावेल एवढाच. जांभळा घालू नये. वाळवून, उजेडात, दाराशेजारी धरून बघावे.'

नाव नाही, गाव नाही, काही नाही. पेन ठेवलं आणि गाडीकडे चालायला लागली.

आमच्या मागे एक बाबा होते, खांद्यावर पोरगी बसवलेले. ते वाचून बायकोला म्हणाले, "अगं, हे काय, रेसिपी लिहिलीय कुणीतरी!" आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'झक्कास! परत येणार.'

आम्ही गाडीत बसलो. काकांनी गाडी सुरू केली, वळवली, कमानीबाहेर काढली पण. मावशी डोळे मिटून बसली होती, दोन्ही. मी म्हटलं झोपू दे बिचारीला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबवा."

"आता काय राहिलं?" काका.

ती उतरली. एवढ्या उन्हात परत चालत कमानीपाशी गेली. आता तिथे दुसरीच माणसं लिहीत होती, त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, वहीचं पान मागे उलटलं, आणि काळ्यापुढचा 'अर्धा' खोडून 'पाव' लिहिलं. पेन परत दोरीला सोडलं. मग शाई वाळेपर्यंत पान हाताने धरून तिथेच उभी राहिली, आणि ती माणसं मागे उभी राहून आपला नंबर यायची वाट बघत होती.